न्गितिली: गवत राखता राखता परत आलेलं रान

टांझानियातल्या सुकुमा लोकांच्या भाषेत ‘न्गितिली’ म्हणजे राखलेलं कुरण. पाऊस सुरू झाला की त्यात गुरं सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, आणि पुढे कोरड्या दिवसांत बाकी सगळीकडची वैरण संपली की मग ते उघडायचं. मुळात उद्देश झाडांचा नव्हताच. पेरणीच्या तोंडावर नांगराला जुंपायचे बैल धडधाकट हवेत, वासरं आणि आजारी, म्हातारी जनावरं लांबच्या चराईला जाऊ शकत नाहीत, त्यांना घराजवळ घास मिळायला हवा, एवढाच हिशेब त्यामागे होता.

टांझानियाच्या उत्तर भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला शिन्यांगा नावाचा प्रदेश आहे. तिथल्या सुकुमा शेतकरी-पशुपालकांची ही पिढ्यांची रीत. १९८६ मध्ये त्या सगळ्या प्रदेशात नोंदलेली न्गितिली जेमतेम ६०० हेक्टर उरली होती. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत ८३३ गावांमध्ये मिळून हा आकडा साडेतीन लाख हेक्टरांच्या आसपास गेला. आफ्रिकेत गावांनी मिळून रान परत आणल्याच्या ज्या मोजक्या मोठ्या घटना आहेत, त्यात ही अगदी वरची. आणि त्यातली बहुतेक झाडं कुणी लावलेली नाहीत.

हे घडलं कसं, आणि अशा कोरड्या मुलखातल्या एखाद्या गावाला हेच करायचं असेल तर कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, ते इथे नीट उलगडून सांगत आहोत. क्रमाला इथे फार महत्त्व आहे. क्रम चुकला की पैसा, पाणी आणि बायकांचे कष्ट, तिन्ही वाया जातात.

झाडं गेली कशी

शिन्यांगा हे हजार-बाराशे मीटर उंचीवरचं पठार आहे. वर्षाला ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही नोव्हेंबर ते एप्रिल-मे एवढ्यात, आणि मधे जानेवारी-फेब्रुवारीत एक उघडीप. सखल भागातल्या काळ्या जमिनीला तिथे ‘म्बुगा’ म्हणतात. पावसात चिकट, उन्हात भेगाळणारी, कपाशीची जमीन. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. झाडांतही आपली बरीच सोयरीक आहे. बाभूळ तिथेही आहे, फक्त उपजात वेगळी. हिंगणबेट आहे, गोरखचिंच आहे. चिंच तर मुळात आफ्रिकेचीच, शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असलं तरी. शिसवाच्या कुळातला म्पिंगो तिथे वाढतो. क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्यं त्याच्याच काळ्याभोर लाकडाची बनतात.

हे रान एका दिवसात गेलं नाही. पहिला मोठा घाव ब्रिटिश अमदानीत बसला. त्सेत्से माशीमुळे माणसांना निद्रारोग आणि गुरांना नागाना होतो, आणि ही माशी झुडपांच्या सावलीत राहते. उपाय म्हणून १९२० नंतरच्या काळात हजारो माणसं कामाला लावून झाडी साफ करण्यात आली. या मोहिमेमागचे शास्त्रज्ञ सी. एफ. एम. स्विनर्टन यांचं संशोधन केंद्रच शिन्यांगात होतं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कपाशी पसरली, गुरं वाढली, सरपणाला झाडं तुटत राहिली.

एवढं होऊनही न्गितिली टिकून होती, कारण ती राखणारं घर तिच्या शेजारीच होतं. खरा कणा मोडला तो १९७० च्या दशकात. ‘उजामा’ या सरकारच्या समाजवादी ग्रामधोरणाखाली विखुरलेल्या वस्त्यांतल्या लोकांना उचलून एकगठ्ठा गावांत वसवलं गेलं. घर एकीकडे, राखलेलं कुरण दुसरीकडे. नजरेआड गेलेलं कुरण राखणार कोण? ज्याची गुरं पोहोचतील त्याचं ते झालं. त्यानंतर या भागाची ओळखच ‘टांझानियाचं वाळवंट’ अशी झाली.

आमच्या दृष्टीनं या इतिहासातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. झाड तुटणं हा दिसणारा परिणाम होता. त्याआधी तुटला होता तो राखणीचा हक्क, आणि म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागली.

सरकारी रोपवाटिकेचा धडा

१९८६ मध्ये सरकारनं ‘हिफाधी आर्धी शिन्यांगा’ हा कार्यक्रम सुरू केला. अर्थ: शिन्यांगाची जमीन राखा. (स्वाहिलीतला हा ‘हिफाधी’ आणि आपल्याकडची ‘हिफाजत’ एकाच अरबी धातूपासून आलेले.) लोक त्याला ‘हाशी’ म्हणत. नॉर्वेची मदत होती, पुढे आंतरराष्ट्रीय कृषिवानिकी संशोधन केंद्रही सोबत आलं. २००४ पर्यंत हा कार्यक्रम चालला.

सुरुवात झाली ती सगळीकडे होते तशीच: मध्यवर्ती रोपवाटिका, बाहेरून आणलेल्या झटपट वाढणाऱ्या जाती, आणि गावोगाव रोपवाटप. ते फारसं रुजलं नाही. कारणं अगदी जमिनीवरची होती. ट्रकमधून लांबून येणारं रोप पावसाची नेमकी वेळ गाठत नाही. बाहेरच्या जातीला वाळवी लागते. निलगिरीखाली गुरांना गवत मिळत नाही. आणि सरकारनं दिलेलं झाड मोठं झाल्यावर सरकारचंच होईल, ही भीती लोकांच्या मनात होती.

मग कार्यक्रमानं दिशा बदलली. ‘तुमच्याकडे आधी काय होतं?’ असं लोकांना विचारलं गेलं, आणि उत्तरात न्गितिली पुढे आली. नवी रीत शिकवायची नव्हती, जुन्या रीतीला पुन्हा अधिकार मिळवून द्यायचा होता. २००२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं दिला जाणारा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

जमिनीखाली उरलेलं झाड

उजाड दिसणाऱ्या कुरणात घोट्याएवढी, गुरांनी कुरतडलेली झुडपं दिसतात. त्यातली बरीचशी झुडपं नसून तोडलेल्या झाडांचे खुंट असतात. वरचं खोड गेलं तरी खाली वीस-पंचवीस वर्षांची मुळं जिवंत असतात. त्यांत पिष्टमय साठा असतो, आणि बुंध्याच्या सालीखाली निजलेले डोळे असतात. पाऊस पडला की खुंट धुमारे टाकतो. ते गुरं खातात, कुणी सरपणाला नेतं, किंवा वणव्यात जळतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. झाड मेलेलं नसतं, दरवर्षी छाटलं जात असतं.

आता रोप आणि धुमारा यांची तुलना करून बघा. नव्यानं लावलेल्या रोपाची मुळं पहिल्या वर्षी हातभर खोल गेली तरी खूप. सहा महिन्यांच्या कोरड्या हंगामात वरची माती सुकली की ते संपलं. खुंटाच्या धुमाऱ्याला मात्र तयार मुळांचं जाळं मिळतं, म्हणून तो एका पावसाळ्यात माणसाच्या कंबरेएवढा सहज होतो, तोही पाण्याचा थेंब न घालता. शिवाय ती जात त्या जमिनीत आधीच पास झालेली असते. बाभळीच्या कुळातली झाडं, कॉम्ब्रेटम, टर्मिनेलिया (आपल्या ऐन-बेहड्याचं कूळ), हिंगणबेट ही सगळी खुंटावरून चांगली फुटतात.

म्हणून कोणतंही रोप मागवायच्या आधी एक मोजणी करायची. कुरणात चार-पाच ठिकाणी २० मीटर बाय २० मीटरचे चौकोन आखायचे. प्रत्येकात जिवंत खुंट किती ते मोजायचे, आणि जाती सांगायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराखी मुलांना सोबत घ्यायचं. असा एक चौकोन म्हणजे हेक्टरचा पंचविसावा भाग. त्यात सरासरी आठ खुंट सापडले तर हेक्टरी २०० झाली. तेवढ्यावर रान उभं राहतं, रोपांची गरजच नाही. चौकोनामागे एक-दोनच सापडले, तर मधल्या रिकाम्या जागांपुरती लागवड करायची. एकही नसेल, जमीन पार धुपून खडक उघडा पडला असेल, तरच संपूर्ण लागवडीचा विचार.

बंदीचं वेळापत्रक

आपल्याकडे राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारमुळे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द घरोघरी पोहोचले. न्गितिलीत या दोन्ही बंद्या आहेत, पण चराईबंदी बारमाही नाही, आणि लोकांनी ती मनापासून पाळली त्याचं कारणही तेच आहे. बंदी कधी संपणार हे आधीच ठाऊक असतं, आणि संपल्यावर गवत मिळणार हेही.

पहिलं वर्ष मात्र पूर्ण बंद ठेवावं, खुंटांचे धुमारे गुरांच्या तोंडापेक्षा उंच जायला तेवढा वेळ लागतो. फार खराब जमीन असेल तर दोन वर्षं. त्यानंतरचं चक्र असं: नोव्हेंबरात पहिल्या पावसाबरोबर कुरण बंद. मे-जूनमध्ये पिकं निघाली की गुरं आधी शेतातल्या धाटांवर आणि बाटकावर सोडायची. ते संपलं की, साधारण ऑगस्टात, कुरण उघडायचं. सगळं एकदम नाही, चार तुकडे करून एकेक. एक तुकडा खाऊन संपल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. एकदम उघडलं तर गुरं चांगलं चांगलं खातात आणि बाकीचं तुडवून वाया घालवतात.

किती गुरं सोडायची? याचं गणित घरच्या घरी करता येतं. अडीचशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. समजा कुरणात हेक्टरी दीड हजार किलो सुकं गवत उभं आहे. त्यातलं निम्मंच खायला धरायचं, बाकी जमीन झाकायला आणि बी पडायला राहू द्यायचं. म्हणजे हेक्टरी ७५० किलो. घरचं न्गितिली दोन हेक्टरांचं, म्हणजे पाच एकरांचं असेल तर १,५०० किलो. सहानं भागलं की २५० जनावर-दिवस. चार बैल असतील तर बासष्ट दिवस, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरअखेर. बरोबर पेरणीच्या उंबरठ्यापर्यंत. त्याच कुरणात वीस गुरं सोडली तर ते बारा दिवसांत संपेल आणि तेराव्या दिवशी गुरं धुमारे खायला लागतील. गवत किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. एक चौरस मीटर गवत कापून, वाळवून, तराजूवर तोलावं. पाच जागी असं करून सरासरी काढली की झालं.

हद्द दिसायला हवी, नाहीतर ‘मला कळलंच नाही’ ही सबब कायम राहते. काटेरी तार महाग आणि चोरीला जाणारी. सुकुमा प्रदेशात शेराचं कुंपण सर्रास दिसतं, आपल्याकडे बांधावर लावतात तेच शेर. हातभर फांद्या कापून एक-दोन दिवस सावलीत ठेवायच्या, चीक सुकला की वीतभर अंतरावर खोचायच्या. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून कापताना तोंड बाजूला धरायचं आणि मुलांना हे काम द्यायचं नाही. घायपातही चालतो. कुंपण वाढेपर्यंत झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे पुरेसे आहेत.

खुंटावरचे फुटवे: किती ठेवायचे

नुसती बंदी घालून बसलं तर तीन-चार वर्षांत कुरणाचं काटेरी जाळं होतं. एकेका खुंटातून पंधरा-वीस काड्या फुटतात, एकही सरळ वाढत नाही, गवताला ऊन मिळत नाही, गुरांना आत शिरता येत नाही. सिगमकाठीसारखी मुळांवरून पसरणारी झुडपं असतील तर आणखी लवकर. म्हणून विरळणी.

विरळणी कोरड्या हंगामाच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी करायची. प्रत्येक खुंटावरचे सगळ्यात सरळ आणि जोमदार तीन ते पाच फुटवे निवडायचे, बाकीचे बुडापासून काढायचे. निवडलेले फुटवे शक्यतो जमिनीलगत निघालेले हवेत. उंच खुंटाच्या माथ्यावरून निघालेला फुटवा वाऱ्यानं फाटून पडतो. मग त्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या. पहिल्या वर्षी निम्म्यापेक्षा वर जाऊ नये, कारण पानं कमी झाली की खोड बारीक राहतं आणि वाकतं. नंतर दोन-तृतीयांशापर्यंत चालतं. कोयत्याला धार हवी, आणि घाव खालून वर घालायचा. वरून खाली मारला की फांदी साल ओरबाडत खाली येते आणि त्या जखमेतून वाळवी आत जाते.

काढलेल्या काड्या म्हणजे पहिल्याच वर्षीचं सरपण. हे लहान वाटेल, पण बाईला सरपणासाठी करावी लागणारी पायपीट कमी झाली की ती न्गितिलीची सगळ्यात कडक राखणदार होते. काटेरी फांद्या मात्र घरी न नेता उघड्या पडलेल्या जमिनीवर पसरायच्या. त्यांच्याखाली माती अडते, बी अडतं, आणि गुरं पाय टाकत नाहीत.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक फुटवा कापून घ्यायचा आणि त्याच्या जागी नवा वाढू द्यायचा. असा एक खुंट म्हणजे वासा, खांब, सरपण यांचा कायमचा साठा. काही झाडं मात्र कुऱ्हाडबंदीत कायमची टाकायची: चिंच, गोरखचिंच, म्पिंगो, मधमाश्यांची पोळी असलेली जुनी झाडं, आणि बी देणारी मोठी झाडं, हेक्टरी निदान दहा.

राखणार कोण, आणि कोणत्या अधिकारानं

न्गितिली दोन तऱ्हेची असते. घरची, बहुधा दोन-पाच हेक्टरांची, आणि सामूहिक, गावाच्या किंवा एखाद्या शाळेच्या, मंडळाच्या नावावरची. एका मोजणीत १८,६०७ न्गितिली नकाशावर आल्या, त्यातल्या सामूहिक फक्त २८४. त्या संख्येनं थोड्या, पण आकारानं मोठ्या. घरच्या न्गितिलीत राखणीचा प्रश्न सोपा असतो. कस लागतो तो सामूहिक जागेत. आपल्याकडच्या गायरानांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिन्यांगात दोन व्यवस्था एकमेकींना टेकू देतात. एक गावची जुनी: ‘दागाशिदा’ ही सुकुमांची पारंपरिक सभा नियम ठरवते आणि दंड करते, ‘सुंगुसुंगु’ हे गावाचे राखणदार नियम मोडणाऱ्याला पकडून सभेसमोर आणतात. गुरंचोरी रोखायला उभे राहिलेले हे राखणदार पुढे कुरणंही राखू लागले. दुसरी व्यवस्था कायद्याची. १९९९ च्या ग्रामभूमी कायद्यानं गावाच्या जमिनीचा कारभार ग्रामपरिषदेकडे दिला, आणि २००२ च्या वन कायद्यानं गावाला स्वतःचं राखीव वन जाहीर करण्याची वाट मोकळी केली. अशा वनाचं उत्पन्न गावाकडेच राहतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं सामूहिक वनहक्क मिळवून जे साधलं, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

कागदाचा क्रम असा: सगळ्या प्रौढांच्या ग्रामसभेत ठराव, नैसर्गिक साधनसंपत्ती समितीची निवड, हद्दीची पाहणी शेजारच्या गावांना सोबत घेऊन, जमिनीचा वापर ठरवणारा साधा आराखडा, उपविधी, ग्रामसभेची मंजुरी, आणि शेवटी जिल्हा परिषदेची मान्यता. शेजारच्या गावांची पायरी घाईत वगळली जाते, आणि पहिली मारामारी तिथेच होते.

उपविधी लांबलचक नको, पण यातलं काहीही मोघम ठेवू नये: बंद कधी, उघडणार कधी आणि ते कोण ठरवणार, सुकं लाकूड कोणत्या दिवशी आणि डोक्यावर मावेल तेवढंच का, औषधी मुळ्या खणायची परवानगी कुणाला, दंड किती, दंडाचे पैसे कुठे जाणार, दुसऱ्यांदा सापडला तर काय. दंड दर डोई जनावराला असावा. सरसकट एकच रक्कम ठेवली तर ऐंशी गुरांचा मालक ती हसत भरतो आणि पाच शेळ्यांची विधवा बुडते. दर डोई दंड असला की दोघांना तो सारखाच लागतो.

मिळतं काय? टांझानिया सरकार आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ यांच्या अभ्यासात न्गितिलीतून मिळणाऱ्या सरपण, वैरण, गवत, वासे, मध, रानफळं आणि औषधांची किंमत दरमहा दर माणशी १४ डॉलर धरली गेली. त्या वेळी तिथल्या ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च साडेआठ डॉलर होता. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: हे १४ डॉलर रोख हातात पडत नाहीत. बाजारातून आणावं लागलं असतं ते रानातून मिळालं, त्याची ही किंमत. त्याच पाहणीत झाडं, झुडपं आणि वेली मिळून १५२ जाती आणि पक्ष्यांच्या १४५ जाती आढळल्या.

रोपं: शेवटी आणि मोजकी

लागवड तीन जागी खरोखर कामाची आहे: खुंटच नाहीत अशा मोकळ्या पट्ट्यात, गावाला हवी पण नाहीशी झालेली जात परत आणायला, आणि घराजवळच्या सरपणाच्या लागवडीत.

रोपवाटिका किती मोठी, हे पाणी ठरवतं. ३०० रोपं लावायची तर ४०० पिशव्या धराव्यात, कारण चौथा हिस्सा रोपवाटिकेतच गळतो किंवा कमकुवत निघतो. पिशवीला एका वेळी ५० मिलिलिटर धरलं तरी ४०० पिशव्यांना सकाळी २० आणि संध्याकाळी २० लिटर. रोज चाळीस लिटर, आणि तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. ते पाणी कुणाच्या डोक्यावरून येणार हे आधी विचारा. पाच हजार रोपांच्या मोठ्या रोपवाटिकेपेक्षा पाणवठ्याजवळच्या दहा घरांत चाळीस-चाळीस पिशव्या हा मार्ग आम्हाला कधीही बरा वाटतो.

पिशवी १० सेंटिमीटर रुंद, १५ ते २० सेंटिमीटर खोल, बुडाला भोकं. तीन भाग रानातली वरची माती, दोन भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. ओलं शेण घातलं तर मुळं जळतात. बाभळीच्या कुळातलं बी टणक असतं. पाणी उकळून आगीवरून उतरवायचं, त्यात बी टाकायचं, आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया. आगीवर ठेवूनच उकळलं तर बी शिजतं. याहून सोपा मार्ग आपल्याकडच्या धनगरांनाही माहीत आहे: शेळ्यांना शेंगा खाऊ घाला आणि लेंड्यांतलं बी वेचा. पोटातून गेलेलं बी चांगलं उगवतं.

जुलै-ऑगस्टात पेरलं की डिसेंबरपर्यंत रोप गुडघ्याखाली येतं, आणि लावायला तेवढंच हवं. जास्त उंच रोप पिशवीत मुळं गुंडाळतं आणि जमिनीत गेल्यावरही ती सरळ होत नाहीत. दर दोन आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदलायची, बाहेर आलेली मुळं कापायची. शेवटचे तीन-चार आठवडे पाणी हळूहळू कमी करायचं आणि सावली काढायची.

खड्डे पावसाआधी खणावेत, ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, आणि भरताना वरची आधी. लावायचं केव्हा? पहिल्या सरीला नाही. ओल दोन वीत खोल गेली की, आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत. डिसेंबरच्या शेवटी लावलेल्या रोपाला मुळं धरायच्या आतच जानेवारीची उघडीप गाठते. म्बुगा जमिनीत खड्ड्यात न लावता मातीच्या वरंब्यावर लावावं, नाहीतर पावसात मुळं कुजतात. कोरड्या दिवसांत तिथेच भेगा पडून मुळं उघडी पडतात, म्हणून बुंध्याभोवतीची माती दोन-तीनदा सैल करून भेगा बुजवायच्या. वाळवी असलेल्या जागी खोडाला टेकवून सुकं गवत पसरू नये, वीतभर मोकळं ठेवावं.

घराजवळच्या सरपणासाठी शिन्यांगा आणि शेजारच्या टबोरात एक पद्धत बसली आहे: चार बाय चार मीटरवर झाडं, म्हणजे हेक्टरी ६२५. पहिली दोन-तीन वर्षं मधल्या पट्ट्यात मका, मग सावली पडली की जमीन पडीक, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास तोड. खुंट पुन्हा फुटतात, मधे पुन्हा मका.

बिघडतं कुठे

वणवा हा सगळ्यात महाग घात. राखलेल्या कुरणात गवत जास्त, म्हणून आगही मोठी. पाऊस संपताच हद्दीभोवती तीन ते पाच मीटर रुंदीचा जाळपट्टा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढलेला पट्टा, साफ करायचा. काही ठिकाणी मे-जूनमध्ये, गवत अर्धवट हिरवं असताना, वारा पडल्यावर संध्याकाळी हलकी आग मुद्दाम फिरवतात. ती रेंगाळत जाते, धुमाऱ्यांना फार लागत नाही. सप्टेंबरची आग मात्र चार वर्षांचे फुटवे एका दुपारी जमिनीपर्यंत नेते. खुंट मरत नाही, पण गावाचा धीर खचतो.

रान परतलं की तरसंही परततात. वासरं जातात, माकडं आणि पक्षी पिकांवर येतात. हे नुकसान ज्यांची शेतं आणि गोठे कडेला आहेत त्यांनाच सोसावं लागतं, फायदा मात्र सगळ्या गावाचा. सामूहिक उत्पन्नातून त्यांना आधी द्यायचं, हे उपविधीत नसेल तर कडेचा माणूसच एक दिवस आग लावतो.

विषमता हा आणखी नाजूक भाग. ज्याच्याकडे जमीन आणि गुरं जास्त, त्याची न्गितिली मोठी. काही जण राखलेलं गवत बाहेरच्यांना भाड्यानं देतात. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांची सगळी भिस्त सामूहिक न्गितिलीवर. जुनं गायरान ‘राखण्यासाठी’ म्हणून एखाद्याच्या नावे झालं तर भूमिहीनाचं सरपणच बंद होतं, आणि कागदावर मात्र राखलेलं क्षेत्र वाढलेलं दिसतं. म्हणून घरच्या न्गितिलीला मान्यता देण्याआधी सामूहिक हद्द पक्की करायची. वाटण्यांचंही तसंच: दोन हेक्टर चार मुलांत वाटले गेले की अर्ध्या हेक्टरच्या तुकड्यावर कुरण परवडत नाही, तिथे मका येतो. सख्ख्या भावांनी कुरण एकत्र ठेवून फक्त शेत वाटलं, तर ते टिकतं.

काम चाललंय की नाही हे बघायला लावलेल्या रोपांचा आकडा उपयोगाचा नाही. सुरुवातीला आखलेले तेच चौकोन दरवर्षी ऑक्टोबरात, सगळ्यात वाईट महिन्यात, पुन्हा मोजायचे: छातीपेक्षा उंच खोडं किती, जमीन किती झाकलेली, गवत किती उरलंय. एका खांबापाशी उभं राहून त्याच दिशेचा एक फोटो घ्यायचा. आकडे शाळेच्या भिंतीवर लिहायचे, म्हणजे समितीला विचारायला आलेल्या कुणालाही ते आधी वाचता येतील. आणि मोजायला त्या गुराखी मुलांनाच न्यायचं, कारण कुणाची गुरं कोणत्या रात्री आत होती हे त्यांनाच ठाऊक असतं.